हद्दपार की परागंदा? एका माहितीपटाने उकरलेला इतिहास

रोममधील टायटसच्या कमानीच्या आतल्या भिंतीवर एक प्रसिद्ध शिल्पपट आहे. जेरुसलेमच्या मंदिरातील सात शाखांचा दीपवृक्ष, म्हणजे मेनोरा, खांद्यावर घेऊन काही माणसे मिरवणुकीने चालली आहेत. इ. स. ७० मध्ये टायटसच्या सैन्याने ते मंदिर जाळले आणि त्याच्या मृत्यूनंतर, इ. स. ८१ च्या सुमारास, ही कमान उभी राहिली. दीपवृक्ष वाहणारी ही माणसे म्हणजे मायदेशातून हाकलून नेले जाणारे ज्यू बंदिवान, अशी समजूत पुष्कळ काळ लोकमानसात रुजलेली आहे. वस्तुतः त्यांच्या मस्तकांवर विजयाचे पर्णमुकुट आहेत. ते रोमन सैनिक आहेत आणि लूट मिरवीत आहेत. शिल्पात लूट आहे. हद्दपारी पाहणाऱ्याने आपल्या मनातून तेथे नेली आहे. १९४९ साली इस्रायलने आपल्या राजचिन्हासाठी मेनोराची जी आकृती निवडली, तीही याच शिल्पावरून घेतलेली.

इस्रायलमध्ये जन्मलेले दिग्दर्शक इलान झिव्ह यांचा 'एक्झाइल : अ मिथ अनअर्थ्ड' हा माहितीपट या समजुतीचा पाठलाग करतो. कॅनडाच्या राष्ट्रीय चित्रपट मंडळाच्या सहनिर्मितीतून तयार झालेला हा चित्रपट गॅलिलीपासून जेरुसलेमपर्यंत आणि तेथून रोमच्या भूमिगत दफनस्थळांपर्यंत हिंडतो. त्याचा प्रश्न साधा आहे : इ. स. ७० नंतर ज्यूंना त्यांच्या भूमीतून सरसकट घालवून दिले गेले, असे खरोखर घडले काय? एप्रिल २०१३ मध्ये त्याची आखूड केलेली आवृत्ती बी. बी. सी. च्या चौथ्या वाहिनीवर दाखवली जाणार होती. ऐन वेळी ती कार्यक्रमपत्रिकेतून वगळण्यात आली. त्या मालिकेच्या संपादकीय चौकटीत हा चित्रपट बसत नाही, असे कारण देण्यात आले. त्यावरून वाद झाला, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात तो वेगळ्या नावाने प्रक्षेपित झाला. दोन हजार वर्षांपूर्वीच्या घटनेविषयीचा चित्रपट दाखवताना एका मातब्बर संस्थेचे हात थरथरावेत, यावरूनच हा प्रश्न केवळ पुरातत्त्वाचा नाही हे कळते. १९४८ च्या इस्रायलच्या स्वातंत्र्यघोषणेत या लोकांना बळाने मायभूमीतून घालवले गेले असे विधान आहे आणि परतण्याचा हक्क त्याच विधानाला टेकून उभा आहे.

आता साधनांकडे वळू. जोसेफस हा या युद्धाचा समकालीन इतिहासकार. तो मृतांचा आकडा ११ लाख देतो आणि बंदिवानांचा ९७ हजार. प्राचीन इतिहासकारांच्या आकड्यांवर जितका विश्वास ठेवावा तितकाच यांवरही ठेवावा. परंतु हे आकडे अक्षरशः खरे धरले तरी त्यांतून संहार आणि गुलामगिरी सिद्ध होते, संपूर्ण समाजाची हद्दपारी नव्हे. इ. स. १३२ ते १३५ मधील बार कोखबाच्या बंडानंतर हेड्रियनने जेरुसलेममध्ये ज्यूंना प्रवेशबंदी केली आणि प्रांताचे नावही बदलून 'सिरिया पॅलेस्टायना' असे ठेवले. यहुदिया प्रदेशाची तेव्हा झालेली हानी भीषण होती. ती कोणी कमी लेखू नये. परंतु बंदी एका नगरापुरती आणि त्याच्या परिसरापुरती होती. गॅलिलीत ज्यू वस्ती टिकून राहिली, इतकेच नव्हे तर इ. स. २०० च्या आसपास मिश्नासारख्या पायाभूत ग्रंथाचे संकलन तेथेच झाले. दुसरीकडे, मंदिर उभे असतानाच अलेक्झांड्रियात, बाबिलोनियात आणि खुद्द रोममध्ये ज्यूंच्या मोठ्या वसाहती होत्या. विखुरणे आधीच सुरू झाले होते. त्यासाठी टायटसची गरज नव्हती.

येथे भाषेचा एक मुद्दा साहित्याच्या अभ्यासकांनी ध्यानात घ्यावा. ग्रीक 'डायस्पोरा' म्हणजे विखुरणे, बी पेरावे तसे. हिब्रू 'गालूत' म्हणजे निर्वासन. आपल्याकडेही ही दोन टोके आहेत. 'हद्दपार' म्हटले की हुकूम सोडणारी सत्ता आलीच. 'परागंदा' हा शब्द मात्र फारसीतून आला आणि त्याचा मूळ अर्थ नुसता 'विखुरलेला' असा आहे. कोणी विखुरले याविषयी तो गप्प राहतो. ज्यू इतिहासाचा हा सारा वाद जणू या दोन शब्दांच्या मधल्या जागेत घडतो आहे. परागंदा झालेल्यांनी आपली कथा हद्दपारीची म्हणून सांगितली. का सांगितली?

इस्राएल युव्हाल या इतिहासकाराने याचे एक उत्तर सुचवले आहे. ख्रिस्ताला नाकारल्याबद्दल ज्यूंना देशोधडीची शिक्षा झाली, हा विचार आरंभीच्या ख्रिस्ती लेखनात वाढीस लागला. पुढे ज्यू परंपरेनेही हद्दपारीची कथा स्वीकारली, मात्र आपल्या अर्थाने : शिक्षा आहे ती आमच्या पापांची, आणि शिक्षा आहे म्हणजे सुटकाही आहे. या अर्थाने गालूत ही भूगोलाची नव्हे, ईश्वराशी तुटलेल्या नात्याची अवस्था ठरते. गॅलिलीत आपल्याच अंगणात बसलेला मनुष्यही स्वतःला निर्वासित म्हणू शकत होता. झिव्ह यांच्या चित्रपटाचे खरे मर्म मला येथे दिसते, आणि नेमके येथेच कॅमेऱ्याचे बळ तोकडे पडते. कॅमेऱ्याला दगड दाखवता येतो. मनातील निर्वासन दाखवायला त्याच्यापाशी निवेदकाचा आवाज आणि संथ संगीत यांपलीकडे फारसे काही नाही.

आपल्या कोकणातील बेने इस्रायलांची परंपरा या संदर्भात उद्‌बोधक आहे. नवगावच्या किनाऱ्याजवळ जहाज फुटले, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, ही कथा सर्वश्रुत आहे. हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी आपल्या इतिहासग्रंथात हे आगमन इ. स. पू. १७५ च्या सुमाराचे मानले. काळ खरा असो वा नसो, या कथेत टायटस नाही, मंदिराचा विध्वंस नाही. शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या या 'शनिवार तेल्यां'ना आपण ज्यू असण्यासाठी रोमन हद्दपारीची गरज कधी भासली नाही. आणि तरीही, १९६२ मध्ये इस्रायलच्या मुख्य धर्मपीठाने त्यांच्या विवाहांपूर्वी वंशाची चौकशी करण्याचे निर्देश दिले. १९६४ साली ते सर्व बाबतींत ज्यू आहेत हे तेथील संसदेला सांगावे लागले. मूळ कोठले, हा प्रश्न इतिहासाच्या वर्गात रम्य असतो; लग्नाच्या नोंदणी कार्यालयात तो रम्य राहत नाही.

हद्दपारीच्या प्रश्नाला जगभर चर्चेत आणले ते श्लोमो सँड यांच्या २००८ च्या हिब्रू ग्रंथाने. (हे गृहस्थ चित्रपट आणि इतिहास यांच्या संबंधांचेही अभ्यासक आहेत, ही गोष्ट सहसा कोणी सांगत नाही.) हद्दपारी झाली नाही, मग जगभरचे ज्यू आले कोठून, तर मोठ्या प्रमाणावरील धर्मांतरांतून, असा त्यांचा युक्तिवाद. त्यावर इस्राएल बार्ताल यांनी दिलेले उत्तर मार्मिक होते. सरसकट हद्दपारीची कथा लोकप्रिय संस्कृतीत असेल, गंभीर ज्यू इतिहासलेखनाने ती कधी मानलीच नव्हती. तेव्हा सँड उघड्याच दारावर धडका देत आहेत, असा त्याचा आशय. मला बार्ताल यांचे म्हणणे अर्धे पटते. तज्ज्ञांना जे ठाऊक होते ते शाळेच्या पुस्तकात आणि राजचिन्हात का उतरले नाही, याचे उत्तर त्यांनी दिलेले नाही. माहितीपटाची जागा नेमकी याच फटीत आहे.

झिव्ह यांच्या चित्रपटाच्या केंद्रस्थानी गॅलिलीतील सेफोरिस हे नगर आहे. हिब्रूत त्याला त्सिपोरी म्हणतात. रोमविरुद्धच्या बंडात हे नगर सामील झाले नाही. त्याने इ. स. ६७ मध्ये व्हेस्पेसियनसाठी दरवाजे उघडले आणि त्या सुमारास पाडलेल्या नाण्यांवर स्वतःला 'शांतिनगर' म्हणवून घेतले. मिश्नाचा संकलक यहुदा हनासी याने आयुष्याची अखेरची वर्षे येथे घालवली. येथील उत्खननात १९८७ साली डायोनिससच्या प्रसंगांची मोझेक फरसबंदी सापडली. १९९३ मध्ये पाचव्या शतकातील सिनेगॉगची फरसबंदी सापडली, तिच्यात राशिचक्र आहे आणि मधोमध सूर्य. मसाडाच्या कड्यावरील आत्मबलिदानाची कथा ज्यांनी राष्ट्रकथा म्हणून ऐकली, त्यांच्यासाठी हे शरण गेलेले, तडजोड करून नांदलेले आणि राशिचक्रावर प्रार्थना करणारे नगर अडचणीचे आहे. कोणतेही राष्ट्र शरणागतीचे स्मारक बांधत नाही.

टेकडीच्या माथ्यावर एक बुरूज आहे. त्याच्या पायथ्याच्या कोपऱ्यांत रोमन काळातील दगडी शवपेट्या बसवलेल्या आहेत. त्यांवर धर्मयोद्ध्यांचे बांधकाम, त्यावर अठराव्या शतकात झाहिर अल-उमर याने केलेली दुरुस्ती. पुढे या इमारतीत गावची शाळा भरत असे. गाव होते सफ्फूरिया, अरब मुसलमानांचे, चार हजारांवर वस्तीचे. जुलै १९४८ मध्ये इस्रायली सैन्याने ते घेतले, गावकरी परागंदा झाले, घरे पाडली गेली, पुढे तेथे पाइनची झाडे लावण्यात आली. ज्या नगरातून ज्यूंची हद्दपारी झाल्याचा पुरावा नाही, त्याच टेकडीवरून विस्थापन झाले ते हे, आणि त्याचे साक्षीदार झिव्ह यांचा चित्रपट आला तेव्हा हयात होते.

येथून चित्रपट एक पुढचे पाऊल टाकतो : जे ज्यू गेलेच नाहीत, त्यांचेच वंशज कालांतराने ख्रिस्ती आणि मुसलमान होऊन सफ्फूरियाचे शेतकरी झाले नसतील कशावरून? हा विचार आज प्रक्षोभक वाटतो. परंतु १९१८ साली न्यूयॉर्कला प्रसिद्ध झालेल्या एका यिडिश ग्रंथात तो मांडणारे लेखक होते डेव्हिड बेन-गुरियन आणि यित्झाक बेन-त्झ्वी. एक पुढे इस्रायलचा पहिला पंतप्रधान झाला, दुसरा दुसरा राष्ट्राध्यक्ष. शेतकऱ्यांशी रक्ताचे नाते सांगून त्यांना आपल्यात सामावून घेता येईल, अशी तेव्हा आशा होती. १९२९ च्या दंगलींनंतर ती मावळली आणि सिद्धान्तही अडगळीत गेला.

माझे मत असे की चित्रपट येथे आपल्याच पुराव्याच्या पुढे धावतो. सरसकट हद्दपारी झाली नाही, हे साधनांवरून म्हणता येते. अमुक गावचा अमुक शेतकरी सेफोरिसच्या ज्यूंचा वंशज, हे फरसबंदीवरून म्हणता येत नाही. शिवाय, हद्दपारी नाही म्हणून जगभरचे ज्यू या भूमीशी असंबद्ध, हा निष्कर्षही टिकत नाही. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या दोन मोठ्या जनुकीय अभ्यासांत निरनिराळ्या देशांतील बहुतेक ज्यू समूहांत पश्चिम आशियाई वंशाचा सामाईक धागा आढळला, स्थानिक मिश्रणासह. आणि बेने इस्रायलांवरील २०१६ च्या अभ्यासातही भारतीय आणि ज्यू असे दोन्ही अंश निघाले. वंश हाच हक्काचा पुरावा, हे गृहीतक ज्या कथेला आव्हान द्यायला निघाला तिच्याकडूनच झिव्ह यांनी उसने घेतले आहे. सफ्फूरियातून निघालेल्या माणसाला तेथे परतण्याची ओढ वाटते, ती त्याचा पूर्वज मिश्ना वाचत होता म्हणून नव्हे. तो त्या बुरुजातल्या शाळेत जात होता म्हणून.

कवी ताहा मुहम्मद अली याच गावचे. १९३१ सालचा जन्म. १९४८ मध्ये कुटुंब लेबनॉनला गेले आणि वर्षभराने गुपचूप परतले, पण गावात नव्हे, जवळच्या नाझरेथमध्ये. तेथे त्यांनी स्मरणवस्तूंचे दुकान चालवले आणि २०११ मध्ये मृत्यू येईपर्यंत तेथेच राहिले. सफ्फूरियाच्या अनेक कुटुंबांनी नाझरेथच्या ज्या वस्तीत घरे केली तिचे नाव सफाफ्रा. तेथून जुने गाव काही किलोमीटरवर आहे. आज ते राष्ट्रीय उद्यान असून, तिकीट काढून कोणालाही आत जाता येते.