वऱ्हाडी विरजण

वाशीमकडे, एकूणच वऱ्हाडात, विरजणाचे काम दह्याताकावर थांबत नाही. ज्येष्ठा गौरींच्या, म्हणजे इथल्या महालक्ष्म्यांच्या, नैवेद्याला ज्वारीची आंबील लागतेच: भरडलेली ज्वारी आंबट ताकात भिजवायची, मग शिजवायची. उकळीत जिवाणू मरतात. आंबटपणा तेवढा उरतो. गार आंबिलीत वरून ताजे ताक घातले, तर जिवंत जिवाणू पोटात जातात.

चरकसंहितेने मूळव्याधीवर ताकाची मोठी भलामण केली आहे. मात्र त्यामागचा जीव दिसायला १९०५ साल उजाडले. बल्गेरियाच्या स्तामेन ग्रिगोरोव्हने दह्यातला लॅक्टोबॅसिलस हा जिवाणू ओळखला. मेचनिकॉफ या शास्त्रज्ञाने त्यावर दीर्घायुष्याचा सिद्धान्त उभारला, जो जरा अतीच होता. दूध न पचणाऱ्यांना दही सोसते, कारण त्यातले जिवाणू दुग्धशर्करा फोडतात. प्रतिजैविकांमुळे होणाऱ्या जुलाबांवरही जिवाणूंचे काही ठरावीक वाण उपयोगी ठरतात.

जपानमध्ये १९३५ साली याकुल्ट हे अशा जिवाणूंनी आंबवलेल्या दुधाचे पेय बाजारात आले. पुढे जिवाणूंच्या कॅप्सूल, पुड्या आल्या. त्यांत वाण आणि मात्रा ठरलेली असते. घरच्या विरजणात कोणते जिवाणू किती, हे गाडग्यागणिक बदलते. म्हणून ते उत्तम अन्न आहे, औषध नव्हे.