अमृता आणि कावीळ

आयुर्वेदातील वनस्पतींची नावे हा रूपकांनी गच्च भरलेला कोश आहे. मराठीच्या वर्गात तो उघडला जात नाही, ही खंतच. गुळवेलीचे पाहावे. कापली तरी पुन्हा रुजते म्हणून ती 'छिन्नरुहा', आणि सर्वांत मानाचे नाव 'अमृता'. रावणवधानंतर इंद्राने रामाच्या मृत वानरांवर अमृत शिंपले. त्यांच्या अंगावरून ओघळलेले थेंब जिथे पडले तिथे ही वेल उगवली, अशी तिची उत्पत्तिकथा 'भावप्रकाशा'त येते. ज्या विकारांवर ती तिथे सांगितली आहे, त्यांत कामला, म्हणजे आपली कावीळही आहे.

२०२० साली या नावावर राजमुद्रा उमटली. ऑक्टोबरमध्ये केंद्र शासनाने कोविडसाठी आयुर्वेद व योगावर आधारित उपचारसंहिता जाहीर केली. तीत गुडूची होती. मुंबई काय नि आमचे कोल्हापूर काय, घरोघरी काढे उकळू लागले. कडुनिंबावर चढलेली वेल उत्तम, हे सर्वांना ठाऊक होते. ग्रंथाने औषधाइतकेच महत्त्व दिलेले वैद्य, मात्रा आणि काळ मात्र त्या पातेल्यात उतरले नाहीत.

त्याच वर्षी सप्टेंबर ते डिसेंबर या काळात मुंबईत यकृतदाहाचे सहा रुग्ण आढळले. सर्वांनी गुळवेल घेतली होती. डॉ. आभा नगराल आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये त्यांची नोंद प्रसिद्ध केली. प्रतिकारशक्ती वाढावी म्हणून घेतलेले औषध, आणि यकृतावर उलटलेली तीच प्रतिकारशक्ती! नाटककाराने असा उपरोध योजला असता तर आपण त्याला कृत्रिम म्हटले असते.

आयुष मंत्रालयाने जुलै २०२१ मध्ये हा निबंध दिशाभूल करणारा ठरवला. रुग्णांनी घेतलेली वेल गुळवेलच कशावरून, तिच्यासारखी दिसणारी दुसरी कशावरून नाही, असा त्याचा आक्षेप होता. आमच्या मते तो पोकळ नव्हता. पाठनिश्चितीशिवाय अर्थनिर्णय करू नये, हे आम्हीही विद्यार्थ्यांना बजावतोच. पण पाठ संशयित असेल तर आणखी प्रती शोधायच्या असतात, संपादकाला गप्प बसवायचे नसते. त्या प्रती २०२२ मध्ये मिळाल्या: देशातील १३ केंद्रांतून ४३ रुग्ण. त्याच वर्षी फेब्रुवारीत गुळवेल सुरक्षित असल्याचे मंत्रालयाने पुन्हा सांगितले.

मुंबईच्या त्या सहांपैकी एक रुग्ण दगावला.