स्तनांचा आकार कमी करण्याची शस्त्रक्रिया : वजन घटवण्याआधी की नंतर?

स्तनांचा आकार प्रमाणाबाहेर मोठा असल्यास मान, खांदे व पाठ सतत दुखते, खांद्यांवर ब्रेसियरच्या पट्ट्यांचे वळ उमटतात आणि स्तनांखालच्या त्वचेवर घामाने पुरळ येते. अशा वेळी आकार कमी करणारी शस्त्रक्रिया उपयुक्त ठरते. मात्र वजनही जास्त असेल तर आधी काय करावे, हा प्रश्न उरतो.

स्तन हे दुग्धग्रंथी, तंतुमय ऊती व चरबी यांचे बनलेले असतात. चरबीचे प्रमाण अधिक असल्यास वजनाबरोबर स्तनांचा आकारही घटतो. ग्रंथी अधिक असल्यास फारसा फरक पडत नाही. शस्त्रक्रियेनंतर बरेच वजन उतरले, तर स्तन आणखी लहान व सैल होऊन पुन्हा शस्त्रक्रियेची वेळ येऊ शकते. शिवाय बॉडी मास इंडेक्स ३०च्या वर असताना जंतुसंसर्गाचा आणि जखम उशिरा भरण्याचा धोका वाढतो. म्हणून आधी वजन घटवून ते ३ ते ६ महिने स्थिर राहू द्यावे, असा सर्वसाधारण सल्ला दिला जातो.

तथापि, स्तनांच्या भारामुळे व्यायामच अशक्य होत असेल, तर शस्त्रक्रिया आधी करणे हिताचे ठरू शकते. दोन-चार किलोंसाठी थांबण्याचीही गरज नसते.

तंबाखू व धूम्रपान किमान ४ आठवडे आधी बंद करावे. या शस्त्रक्रियेनंतर स्तनपानात अडचण येऊ शकते. त्यामुळे पुढे मूल हवे असल्यास तसे प्लास्टिक सर्जनना आधीच सांगावे.