केतन मेहता

केतन मेहता (जन्म : १९५२, नवसारी, गुजरात) हे भारतीय चित्रपट व दूरचित्रवाणी दिग्दर्शक आहेत. चित्रपटांमुळे त्यांचे नाव अधिक झाले. तथापि दूरदर्शनवरील 'कॅप्टन व्योम' (१९९८) या विज्ञानमालिकेचे दिग्दर्शक ही त्यांची ओळख एका पिढीच्या प्रेक्षकांत टिकून आहे.

प्रारंभ

पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून दिग्दर्शनाचे शिक्षण पूर्ण केल्यावर त्यांनी काही काळ अहमदाबाद येथे इस्रोसाठी दूरचित्रवाणी निर्माता म्हणून काम केले. अंतराळपटाच्या दिग्दर्शकाची सुरुवात अंतराळ संस्थेत व्हावी, हा योगायोगच. त्यांच्या 'भवनी भवाई' (१९८०) या पहिल्या गुजराती चित्रपटास राष्ट्रीय एकात्मतेसाठीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

मराठी साहित्याशी त्यांचा संबंध दोनदा आला. 'होली' (१९८४) महेश एलकुंचवार यांच्या नाटकावर, तर 'रंग रसिया' रणजित देसाई यांच्या 'राजा रविवर्मा' या कादंबरीवर आधारित आहे. 'होली'मध्ये आमिर खान व आशुतोष गोवारीकर यांनी विद्यार्थ्यांच्या भूमिका केल्या.

दूरचित्रवाणी

'मिस्टर योगी' या दूरदर्शन मालिकेत मोहन गोखले यांनी वधूसंशोधनासाठी अमेरिकेहून आलेल्या तरुणाची भूमिका केली. बारा राशींच्या बारा मुली पाहण्याचा त्याचा संकल्प हा मालिकेचा कणा होता. (मधु राय यांच्या याच कादंबरीवर गोवारीकरांनी २००९ मध्ये 'व्हॉट्स युअर राशी?' काढला.)

'कॅप्टन व्योम'ची रचनाही याच हिशेबाची आहे. कथानक २१२३ साली घडते. गुरू ग्रहाच्या उपग्रहावरील तुरुंगातून बारा घातकी गुन्हेगार निसटतात आणि त्यांना पकडण्याची जबाबदारी व्योमवर येते. एकेका गुन्हेगाराचे प्रकरण काही भागांत संपते, मुख्य सूत्र मात्र चालू राहते. साप्ताहिक मालिकेला ही मांडणी सोयीची. नायकाची भूमिका मिलिंद सोमण यांनी केली. मधू सप्रे व टॉम ऑल्टर यांच्याही भूमिका होत्या.

दूरदर्शनवर 'इंद्रधनुष' व 'स्पेस सिटी सिग्मा' या विज्ञानमालिका आधी येऊन गेल्या होत्या. 'व्योम'मध्ये संगणकनिर्मित दृश्यांवर अधिक भर होता. अंतराळयान, परग्रह व युद्धे दर आठवड्याला दाखवायची, तीही चित्रपटाच्या तुलनेत तुटपुंज्या साधनांत, हे काम जिकिरीचे होते. आजच्या नजरेला त्यातील दृश्ये ओबडधोबड दिसतात. परंतु अशी दृश्ये देशात तयार करणारे कुशल हात तेव्हा थोडे होते, हे लक्षात घेतले पाहिजे.

ही उणीव भरून काढण्याकडे मेहतांनी लक्ष दिले. पत्नी, अभिनेत्री दीपा साही यांच्यासह त्यांनी मुंबईत 'माया' ही संस्था उभारली. तिच्या 'माया अकॅडमी ऑफ अॅडव्हान्स्ड सिनेमॅटिक्स' (मॅक) या शाखेतून २००१ पासून अॅनिमेशन व दृश्यपरिणामांचे प्रशिक्षण दिले जाऊ लागले. २०१० मध्ये हा प्रशिक्षण व्यवसाय अॅपटेकने घेतला.

विज्ञानकथेच्या प्रांतात मेहता पुढे फारसे रमले नाहीत. 'मंगल पांडे' (२००५) व 'मांझी' (२०१५) हे त्यांचे नंतरचे प्रमुख चित्रपट चरित्रपर आहेत.