बुलढाण्याचा खारा किनारा

बुलढाणा जिल्ह्याला समुद्र नाही, हे भूगोलाच्या पुस्तकात ठीक. तुम्ही मात्र आत्ता, सकाळी सहाला, लोणारच्या धारेखाली उभे आहात. गोमुखातलं गार पाणी टाळूवर पडतंय, शेजारी कुणी 'हर गंगे' म्हणतंय. अंग पुसा आणि खाली बघा. पावणेदोन किलोमीटर रुंदीचा वाडगा, त्याच्या तळाशी हिरवट खारं पाणी आणि काठाला पांढरी कड. चला, उतरू. जसजसे खाली जाल तसतसा काळ मागे सरकेल.

पहिल्याच वळणावर जून 2020. लॉकडाऊनमुळे पायवाटेवर चिटपाखरू नाही, आणि तळं चक्क गुलाबी झालंय! बाटलीभर पाणी घेऊन थोडा वेळ ठेवा. रंग तळाशी बसेल, वर नितळ पाणी उरेल. खारटपणा वाढल्यावर फोफावलेल्या हॅलोआर्किया या सूक्ष्मजीवांची ही करामत, असं पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पुढे सांगितलं. त्याच वर्षी तळ्याला आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा रामसर दर्जाही मिळाला.

सत्तरच्या दशकात फार थांबू नका. खडकात सापडलेल्या काचेवरून हे विवर उल्कापाताचंच, असं 1973 साली सिद्ध होतंय. त्याआधी त्याला ज्वालामुखीचं तोंड समजणारेही होते.

थांबायचं ते इथे, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या एखाद्या उन्हाळ्यात. पाणी आटून मागे सरलंय. माणसं गुडघाभर चिखलात उतरून तळातला क्षार उपसताहेत. पातळ कपचे निघाले की पापडी. बाकीच्या मालालाही जातीनुसार नावं आहेत : दल्ला, निमक दल्ला, खुप्पल, भुस्की. तुम्ही दोन बोटं पाण्यात बुडवून चोळता, तर साबण लावल्यासारखी ती एकमेकांवरून घसरतात. वास मात्र साबणाचा नाही, कुजकट आहे. बोट जिभेकडे जातं तसा एक म्हातारा ओरडतो, "भाऊ, तोंडात नोको घालू, खारं हाय थे!" त्याच्या पिंडऱ्यांवर चिखल वाळून पांढरा पडलाय. तळ्याकाठची मौज पाहायला आलेल्या माणसाला ही मजुरी दिसत नाही. पण लोणारचा खार बाजारात पोचला तो या पायांवरून.

काठाने पुढे चाला. सासू-सुनेची विहीर येईल. अर्धी गोड, अर्धी खारी म्हणतात. गोड बाजू कुणाची, हे विचारू नका, घरोघरी उत्तर वेगळं! झाडीत मोर ओरडतो. 1823 साली इंग्रज अधिकारी अलेक्झांडर इथे येऊन गेला आणि 'शोध' त्याच्या नावावर लागला. काठावरच्या कमळजा देवीला त्याच्या कितीतरी आधीपासून नवस बोलले जात होते, ही गोष्ट वेगळी. वर गावात दैत्यसूदनाच्या देवळात लवणासुराला पायाखाली घेतलेला विष्णू उभा आहे. खाऱ्या तळ्याला खाऱ्या नावाचाच राक्षस. लोकांनी आपल्या परीने विवराचा उलगडा केला होता, आणि आकाशातून कुणीतरी आल्याशिवाय तो होत नाही, हे त्यांनाही कळलं होतं.

आता शेवटची पायरी. ना गाव, ना देऊळ, ना पाणी. नुसतं काळ्या बेसाल्टचं सपाट पठार. हा क्षण कधीचा? एका मोजणीने सुमारे 52 हजार वर्षांपूर्वीचा, दुसरीने सुमारे 5 लाख 70 हजार. तुम्ही मान वर करता. उजेड आवाजाच्या आधी येतो.

परत या. दीडशे मीटरच्या आसपास चढण आहे. उन्हाच्या आत निघा आणि प्यायचं पाणी सोबत ठेवा. हे अभयारण्य आहे, तळ्यात पोहू नका, प्लॅस्टिक टाकू नका. वर आलात की पुन्हा धारेखाली उभे राहा. बोटांचा बुळबुळीतपणा तिथेच जातो.