दाखला: एका बैलाचा आणि एका देशाचा

बंगळुरातील हेब्बाळ म्हटले की आज उड्डाणपूल आणि वाहनांची कोंडीच आठवते. तेथील पशुवैद्यकीय आवाराकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. बुळकांडीविरुद्ध रक्तजल तयार करण्यासाठी १९२५ साली बंगळुरात म्हैसूर सीरम इन्स्टिट्यूट स्थापन झाली. त्या काळी बुळकांडी शिरली की गावचे गोठे ओस पडत आणि शेतकऱ्याची नांगरट थांबे.

१९७८ च्या जनावर वाहतूक नियमांनी कुत्री-मांजरे, माकडे, गुरे, घोडे, शेळ्या-मेंढ्या यांच्यासाठी दाखल्याचे निरनिराळे नमुने घालून दिले. कुत्र्याच्या दाखल्यात रेबीजची लस, तर गुरांच्या दाखल्यात बुळकांडीची. दाखला नसल्यास वाहतूकदाराने माल नाकारावा, अशी तरतूद होती. सही करण्याचा अधिकार कोणाचा, हे १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याने ठरविले: केवळ नोंदणीकृत पशुवैद्यकाचा.

यापुढील प्रवास मात्र विलक्षण आहे. देश रोगमुक्त आहे हे जगाला पटवायचे तर ज्या लशीचा दाखला मागितला जाई, ती लसच थांबवणे भाग होते. कारण लस टोचलेल्या आणि रोग होऊन गेलेल्या जनावराच्या रक्तातील प्रतिपिंडे वेगळी ओळखता येत नसत. शेवटचा रुग्ण १९९५ साली तामिळनाडूत आढळला होता. लस बंद करून, गावोगावचे रक्तनमुने तपासून, तो परत आलेला नाही हे सिद्ध करावे लागले. या पाहणीत हेब्बाळच्या रोग-सर्वेक्षण संस्थेचा वाटा मोठा होता. २५ मे २००६ रोजी जागतिक पशुआरोग्य संघटनेने भारताला बुळकांडीच्या संसर्गापासून मुक्त घोषित केले. २०११ साली जगातूनच हा रोग हद्दपार झाला.

देशाचा दाखला असा रक्ताच्या थेंबाथेंबाने मिळाला. बैलाच्या दाखल्याची गोष्ट निराळी. सेवेच्या आरंभी सीमेवरील एका तपासणी नाक्यावर मी एक मालमोटार थांबविली होती. बारा बैल, बारा दाखले. बाराही कागदांवर वर्णन एकच: पांढरा, वय पाच वर्षे. गाडीत दोन तांबडे उभे होते आणि एक उघडच म्हातारा होता. सही व शिक्का खरे होते, नोंदणी क्रमांकही खरा होता. जनावरे न पाहताच सही झाली होती, एवढेच. व्यापारी नम्रपणे म्हणाला, "साहेब, कागद पूर्ण आहेत." चिंचलीच्या मायाक्काची यात्रा जवळ आली होती, मागे गाड्यांची रांग लागली होती.

मी ती गाडी सोडली.