मौनाची जागा

पाश्चात्य वृंदगानाच्या स्वरलिपींत स्वरांपेक्षां मौनानेंच मुद्रकाला अधिक छळलें आहे. १५०१ सालीं व्हेनिस येथें पेत्रुच्ची यानें बहुस्वरी गीतांचा संग्रह छापला, तेव्हां प्रत्येक कंठाच्या पंचरेषा स्वतंत्र होत्या; विरामाचें चिन्ह कोणाचें, हा प्रश्नच नव्हता. पुढें जागा वांचावी म्हणून सोप्रानो आणि आल्टो एकाच पंचरेषेवर आले नि घोटाळा सुरू झाला. थांबणार कोण?

तोडगा असा कीं, वरच्या कंठाचा विराम वर सरकवावा, खालच्याचा खालीं. पण चार मात्रांचा विराम रेषेखालीं लोंबतो, दोन मात्रांचा रेषेवर बसतो. आकृति दोघांची जवळजवळ एकच. चिन्ह पंचरेषेबाहेर गेलें आणि आधाराची आंखूड रेघ राहिली, तर गाणाऱ्यानें तें ओळखावें कसें? चुकला, तर भरसभेंत त्याचा एकट्याचाच आवाज उमटावयाचा!

धातूच्या पत्र्यावर कोरणारे कारागीर हें नजरेनें जुळवीत. १९९६ सालीं आरंभिलेल्या लिलिपाँड या संगणकप्रणालीला कंठांचा क्रम सांगितला कीं ती विराम आपोआप वरखालीं सरकविते. तरी दाटींत तो कधीं फारच दूर जातो. मग त्याला एखाद्या स्वराचें नांव देऊन त्या उंचीवर बसवावें लागतें. मौनाला स्वराचें नांव, ही गंमत मला फार आवडते. दोन्ही कंठ एकदम थांबले, तर मात्र मध्यभागीं एकच विराम पुरतो.